न जळलेली चकती

टक्.

फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरचा रिले आपटला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकल्यासारखं झालं. टिचकीने लगेच जीभ टाळूला लावून तसाच आवाज काढला.

"टक्! आई, चढली का उतरली?"

"चढली," मी म्हटलं. तिची वेणी माझ्या हातात होती आणि रबर दातात. डॉक्टरांची मुलं बाहुल्यांना सुया टोचतात म्हणे. माझी पाच वर्षांची लेक विजेचा दाब चढला का उतरला ते विचारते. आईच्या कामाचं जे घरी सांडतं, त्याच्याशीच मुलं खेळतात.

दुसरी वेणी अर्धी असताना फोन आला. कारखान्यातून काकांचा.

"कुठे आहेस?"

"घरी. आज रजा टाकलीय ना काका. हिची शाळा बंद, हिचे बाबा साइटवर..."

"तिला घेऊन ये. एक बोर्ड आलाय."

"उद्या बघते की."

"उद्या नाही." काका म्हणाले. "माणूस गेलाय, बाई."

आमच्या कारखान्यात घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनतात. खाटेशेजारी उभं राहणारं, गुडघ्याएवढ्या उंचीचं खोकं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकाशी पोचवतं. त्यातल्या वीज आत घेणाऱ्या बोर्डावर कुठला भाग बसवायचा, हे ठरवणं माझं काम. आणि बाजारात गेलेली मशीनं बिघडून परत आली की ती उघडणं हे काकांचं. सव्वीस वर्षं ते त्याच टेबलावर बसतात. सगळा कारखाना त्यांना पाठीमागे 'पोस्टमॉर्टम' म्हणतो आणि त्यांना ते ठाऊक आहे. "मी डॉक्टर झालो असतो तर एकही पेशंट वाचला नसता," ते म्हणतात. "माझ्याकडे येतात तेच मुळी मेलेले." बोर्ड हातात आला की आधी ते त्याचा वास घेतात, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याला भिंग लावतात आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारतात, "काय रे बाबा, काय झालं तुला?"

त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. टिचकीला पॅकिंगच्या बायकांनी ताब्यात घेतलं. "जा तू निवांत, हिला आम्ही फोममध्ये गुंडाळून खोक्यात भरून ठेवतो," एक म्हणाली आणि टिचकी किंचाळत हसली. ते हसणं मागे ठेवून मी काकांच्या टेबलाशी गेले.

बोर्ड उताणा ठेवला होता. मधला मोठा स्विच फुटून दोन तुकडे झाला होता. त्याच्यामागचे बारके भाग, मशीनचा मेंदू म्हणावा तो, काळे पडले होते. मशीन बंद पडलं की वाजणाऱ्या शिट्टीची वायर जिथे येते तिथला तांब्याचा पट्टा उकलून वर आला होता. आणि या सगळ्याच्या पुढे, वीज आत शिरते तिथे, अगदी दारात, निळी चकती बसली होती. चकचकीत. कोरी.

"ओरखडा नाही तिच्यावर," काका म्हणाले.

मी मान हलवली. मला सांगायची गरज नव्हती. ती चकती मी निवडली होती.

तारेतून येणारी वीज कायम सरळ चालीने येत नाही. कुठे मोठी मोटर बंद पडते, कुठे खांबावर ठिणगी उडते, आणि डोळ्याची पापणी हलायच्याही आत दाब उसळी मारून जातो. त्या उसळीने आतले भाग मरू नयेत म्हणून दारात ही चकती बसवतात. शर्टाच्या बटणाएवढी, दोन पायांची. एरवी ती नुसती उभी असते. उसळी आली की तिचा जोर स्वतःच्या अंगावर घेते आणि एका मर्यादेपलीकडचं काही आत जाऊ देत नाही. प्रत्येक वेळी थोडी झिजते. एक दिवस जळते आणि फ्यूज घेऊन जाते. मशीन थांबतं, पण मागचा बोर्ड शाबूत असतो. तो छोट्या बॅटरीवर शिट्टी वाजवतो. शिट्टी ऐकून घरातलं कुणीतरी उठतं आणि कोपऱ्यातलं सिलिंडर लावतं.

दीड वर्षापूर्वी अशा जळलेल्या चकत्यांची मशीनं परत यायला लागली. ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्या घरांत दाब तासन्‌तास चढलेला राहतो. आमची पावणेतीनशे व्होल्टपर्यंतच कायम तग धरणारी चकती तिथे तापून तापून जळायची. खोकं उघडलं की काजळी, जळका वास. एका मोसमात ऐंशी मशीनं आली. लोक घाबरून फोन करत. साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावर दर महिन्याचा परतीचा आकडा लाल खडूने लिहिलेला असे. साहेब म्हणाले, "लोकांना धूर नकोय. बघा काहीतरी."

मी बघितलं. नीट मार्ग मला माहीत होता: दारात तग धरणारी मोठी चकती, आणि तिच्यातून जे निसटेल ते पकडायला आत दुसरा, चपळ भाग, डायोड. कागदावर मी तसंच काढलं. पण तो डायोड यायला सोळा आठवडे लागणार होते आणि साहेबांना आकडा पुढच्या महिन्यात खाली हवा होता. म्हणून बोर्डावर डायोडची जागा सोडली, दोन भोकं आणि छापलेला नंबर, आणि तूर्तास नुसती मोठी चकती बसवली. चारशेवीस व्होल्टची.

"चारशेवीस?" काका म्हणाले होते. "नावातच लबाडी आहे गं."

मी हसले होते. टिचकी तेव्हा सतत आजारी असायची. मी दोन तासांची झोप काढून कामावर येत होते. हे सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो लाल खडूचा आकडा होता आणि तो महिन्याभरात चाळिसावरून तीनवर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. सोळा आठवडे कधी उलटून गेले ते ना कुणी मोजलं, ना मी विचारलं. ती दोन भोकं तशीच राहिली.

फक्त काकांनी एकदा मला टेबलाशी बोलावलं होतं. तीन बोर्ड ओळीने मांडून.

"हे बघ. आधी जे यायचे ना जळके, त्यांची चकती आणि फ्यूज बदलला की गडी उठून बसायचा. मागे सगळं जिवंत. आता येतात तीनच, पण तिन्ही आतून मेलेले. आणि चकत्या बघ कशा. नव्या नवरीसारख्या."

जुनी चकती सातशेच्या आसपास उसळी अडवायची. नवी अडवते अकराशेला. आतला स्विच सोसतो आठशे. हे तीनही आकडे मला पाठ होते, वेगवेगळ्या पानांवरचे. ते मी त्या दिवशी एका ओळीत ठेवले नाहीत. मी म्हटलं, "काका, तीन म्हणजे काही नमुना झाला नाही."

"नसेल बाई," ते म्हणाले. "मी काय, उघडणारा माणूस."

ऐंशी चकत्या जळल्या होत्या आणि ऐंशी घरांत शिट्टी वाजली होती. जळणं हेच त्यांचं काम होतं. मी ते बिघाडांत मोजलं.

साहेबांच्या टेबलावर अहवाल छापून तयार होता. 'घरावर थेट वीज कोसळली. संरक्षणाच्या मर्यादेबाहेरील घटना.' खाली माझं नाव, सहीसाठी रेघ. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवला.

"वीज कोसळली असती तर चकतीचे तुकडे भिंतीत रुतले असते," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

"बसतो. पण फॉर्मवर रकाना आहे, साहेब. जागेची पाहणी केली: हो, नाही. नाही लिहिलं तर वरून विचारतील. आम्ही जाऊन येतो."

साहेबांनी कपाळ चोळलं. "जा. पण तिथे काही बोलू नका."

कारखान्याच्या गाडीतून आम्ही निघालो. वाटेत काका म्हणाले, "मी तेव्हा ओरडायला हवं होतं. हळू बोललो." पण ऐकणारी मी होते.

दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. दारावरचा घरनंबर सावली दिलेल्या, डौलदार अक्षरांत रंगवलेला. गेलेले गृहस्थ पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षं फवाऱ्याचा रंग नाकात गेला आणि फुप्फुसं निकामी झाली. आत स्वयंपाकाच्या फळीवर साखर, मीठ, चहा अशा डब्यांवर त्याच हातची अक्षरं. मिठाच्या डब्यावर तर एखाद्या मोठ्या दुकानाची पाटी असावी इतका थाट. खाटेशेजारी मशीनची जागा रिकामी होती, फरशीवर चार चाकांचे डाग. तिथल्या भिंतीवर, उशीवरून मान वळवली की दिसेल असं, त्यांनी बायकोसाठी लिहून ठेवलं होतं:

'चालू: वरचं बटण. शिट्टी वाजली तर: सिलिंडर. घाबरू नये.'

'घाबरू नये'खाली नागमोडी रेघ, लाल.

त्यांच्या बायकोने, मावशींनी, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. किरकोळ, सुती साडीतली, डोळे कोरडे. काका उठून दिवा लावून बघत होते, पंखा, कोपऱ्यातला रेडिओ, दारावरची घंटा. सगळं चालू. घरावर वीज कोसळली असती तर यातलं एकही वाचलं नसतं. घंटेच्या आवाजाने मावशी दचकल्या आणि मग स्वतःशीच ओशाळल्या.

"मी न्हाणीत होते," त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली. "तेवढाच वेळ जायचे मी. ते झोपले की. मशीनचा घोंगा, तो घों घों आवाज, चालू असायचा, तो ऐकत ऐकत अंघोळ. त्या दिवशी नळाच्या आवाजात घोंगा थांबलेला कळलाच नाही. शिट्टी वाजली असती तर आले असते हो, तशीच आले असते. भिंतीवरचं वाचून दाखवून माझ्याकडून दोनदा करून घेतलं होतं त्यांनी. सिलिंडर कसं फिरवायचं, सगळं. मिनिटात लावायचे मी. एकदा घड्याळ लावून बघितलं त्यांनी, म्हणाले, पास."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मावशींनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आवाज खाली घेतला, कुणी ऐकू नये तसा. "बाई, तुम्ही त्यातल्या आहात म्हणून विचारते. मी रोज मशीन पुसायचे. धूळ त्यांना चालायची नाही ना. त्या दिवशी फडकं जरा ओलं होतं. पिळलं होतं मी, पण ओलं होतं. आत गेलं असेल का पाणी? त्यानेच बंद पडलं का?"

साहेब म्हणाले होते, काही बोलू नका. पण त्या बाईच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. अजूनही ते हात फडकं पिळत होते, मांडीवरच्या मांडीवर, काही नसताना.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "पाण्याने नाही झालं. आत एक भाग असतो, तारेतून उसळी आली तर अडवणारा. तो मी निवडला होता. चुकीचा निवडला. त्याने उसळी आत जाऊ दिली आणि मशीन गेलं, शिट्टीसकट गेलं. चूक माझी आहे. मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील, हाताला धरून बाहेर काढतील. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला लहान मूल आहे का?" त्यांनी विचारलं. माझ्या खांद्यावर टिचकीच्या खाऊचा डाग होता.

"हो. मुलगी."

"हं," त्या म्हणाल्या. मग मान हलवत, अगदी हळू, "तरी पण ओलंच होतं हो फडकं. मी उन्हात टाकायला हवं होतं."

आम्ही जिना उतरलो. खाली येऊन काका पायरीवर बसले. चष्मा काढून पुसत राहिले, शर्टाच्या टोकाने, पुन्हा पुन्हा. "सांगून काय झालं?" मी विचारलं. "त्यांनी ऐकलंच नाही."

"आज नाही ऐकलं," ते म्हणाले. "चल. बाकीची घरं आहेत."

बाकीची घरं. अकराशे चाळीस. तीच चकती, तीच दोन रिकामी भोकं. गाडीत बसल्यापासून मला तेवढाच आकडा दिसत होता. खाटेशेजारी चालू असलेला घोंगा आणि त्याच्या भरवशावर न्हाणीत गेलेली कुणीतरी.

कारखान्यात परतल्यावर साहेबांच्या टेबलावरचा तो छापील अहवाल मी उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं: वीज कोसळलेली नाही. भाग चुकीचा निवडला गेला. निवड माझी. या बोर्डाची सर्व मशीनं ताबडतोब परत घ्यावीत. तोवर कुणीही मशीनच्या भरवशावर रुग्णाला एकटं सोडू नये. खाली सही केली. काकांनी माझ्या सहीखाली आपली केली, शाळेतल्या मुलासारखी गोल गोल, आणि पुढे लिहिलं, 'तीन बोर्ड आधी पाहिले होते.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "अकराशे घरांना काय सांगणार? तुमच्या खाटेशेजारी काय उभं आहे ते? लोक मशीन बंद करून टाकतील घाबरून. आणि इथे ऐंशी माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरी मी काय सांगू?"

"हेच सांगायचं, साहेब," काका म्हणाले. "खरं काय ते."

"मालकांशी बोलल्याशिवाय एकही फोन करायचा नाही. ते परवा येतील." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही उद्यापासून येऊ नका. कळवू आम्ही."

परवा. मी दारातून बाहेर पडले ती पॅकिंगमध्ये टिचकीला घ्यायला. पण टिचकी तिथे नव्हती. ती काकांच्या टेबलाखाली बसून, पॅकिंगवाल्यांनी दिलेली फोमची टोपी घालून, काहीतरी रंगवत होती. आणि काका, साहेबांच्या खोलीतून माझ्या आधीच निघालेले काका, डिस्पॅचचं, कुठलं मशीन कुणाकडे गेलं ते लिहिलेलं जाडजूड रजिस्टर उघडून फोनपाशी बसले होते.

"साहेब म्हणाले..." मी सुरुवात केली.

"मला कमी ऐकू येतं," काका म्हणाले. त्यांचे कान उत्तम आहेत. "वरून सुरू करतोय मी. तू खालून कर. तुला उद्यापासून यायचं नाहीये ना, मग आजचा दिवस भर."

मी बसले. पहिल्या नंबरावर एक म्हातारा आवाज आला. टिचकीने टेबलाखालून माझा पाय धरला. "नमस्कार," मी म्हटलं, "ऑक्सिजनच्या मशीनच्या कारखान्यातून बोलतेय. घाबरू नका. मशीन चालू ठेवा, पण सिलिंडर खाटेला टेकवून ठेवा, आणि आमचा माणूस येईपर्यंत जवळ कुणीतरी बसा. शिट्टीच्या भरवशावर राहू नका. चूक आमच्याकडून झाली. सॉरी."

कुणी शिव्या दिल्या. कुणी म्हणालं, आमचे ते मागच्याच महिन्यात गेले, मशीन घेऊन जा. ते कशाने गेले हे विचारायचा धीर झाला नाही. त्या नंबरापुढे मी फुली केली आणि काकांना दाखवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. एका बाईने तीनदा विचारलं, "म्हणजे मी भाजी आणायला पण जायचं नाही?" पॅकिंगच्या बायका चपला घालून घरी निघाल्या होत्या, त्यातली ती फोमवाली दारात थांबली, थोडा वेळ ऐकलं, आणि तिसरी खुर्ची ओढून आपला मोबाइल काढला. "मला पण दे एक पान."

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं. साहेब एकदा दारात येऊन उभे राहिले. आम्ही तिघंही फोनवर होतो. त्यांनी रजिस्टर उचललं नाही. मग परत गेले.

टिचकी कधीतरी टेबलाखालून निघून माझ्या मांडीवर येऊन बसली. फोमची टोपी माझ्या हनुवटीला टोचत होती. दोन नंबरांच्या मध्ये तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"आई, तू सगळ्यांना सॉरी का म्हणतेस?"

"माझं चुकलं म्हणून."

"काय चुकलं?"

"एकांचं मशीन बंद पडलं. माझ्यामुळे."

तिने जरा विचार केला. शाळेत तिला शिकवलंय, ज्याला लागलं त्यालाच आधी सॉरी म्हणायचं.

"मग त्यांना म्हणालीस का? ज्यांचं मशीन होतं त्यांना?"

"त्यांच्याच घरी गेले होते सकाळी."

काकांचा रिसिव्हर कानापासून खाली आला होता. पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं.

टिचकीने टोपी मागे सारली आणि माझी हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली.

"मग ते काय म्हणाले?"